भूकंप, पूल आणि सार्वजनिक जबाबदारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महामार्गांवरील मोठे पूल भूकंपात कसे टिकवावेत, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तो जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींच्या मनात असा प्रश्न आला असेल की, हा अभियंत्यांचा विषय कार्यकर्त्यांपुढे कशासाठी? महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे आपले विषय. पूल मजबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी सरकारी खाते आहे आणि त्या खात्यात शिकलेली माणसे आहेत. हा आक्षेप रास्त वाटण्याजोगा आहे आणि म्हणूनच मी सुरुवातीलाच त्याला उत्तर देऊ इच्छितो. जुना पूल भूकंपात तग धरेल असा कसा करावा, ह्याचे ज्ञान आज जगात उपलब्ध आहे. त्यासाठी लागणारी साधनेही उपलब्ध आहेत. परंतु कोणता पूल आधी बळकट करायचा, केव्हा करायचा आणि कोणाच्या पैशाने करायचा, हे प्रश्न तंत्रज्ञानाचे नाहीत. ते राजकारणाचे प्रश्न आहेत. ते आपण विचारले नाहीत, तर पूल कोसळल्यानंतर चौकशी समिती ते विचारील. पण तोवर उशीर झालेला असेल.

ह्या प्रश्नाचा सर्वाधिक अनुभव गेल्या अर्धशतकात ज्या प्रदेशांनी घेतला, त्यांत अमेरिकेतील कॅलिफोर्निया हे राज्य अग्रभागी आहे. तेथे पैशाची वाण नाही, तज्ज्ञांची उणीव नाही. तरीही तेथे काय घडले, हे पाहणे आपल्याला उद्बोधक ठरेल. म्हणून मी आधी तेथील हकीकत सांगेन आणि मग आपल्याकडे वळेन.

खांब का मोडतो?

९ फेब्रुवारी १९७१ रोजी लॉस एंजेलिसच्या उत्तरेस सॅन फर्नांडो येथे भूकंप झाला. दोन महामार्ग जेथे एकमेकांना मिळतात तेथील उंच पुलांचे भाग कोसळले. हे पूल जुने, झिजलेले नव्हते. काहींचे बांधकाम तर तेव्हा चालूच होते. मग ते पडले कसे?

पूल हा मुख्यतः वरून येणारा भार पेलण्यासाठी बांधलेला असतो. भूकंप मात्र त्याला आडवा हिसका देतो, आणि तोही एकदा नव्हे, तर मागेपुढे अनेकदा. काँक्रीटच्या खांबात उभ्या सळ्या असतात आणि त्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगा असतात. कडब्याची पेंढी बांधताना एकच बंद घातला, तर ती उचलताच विस्कटते. वीत-वीत अंतरावर बंद घातले, तर आपटली तरी सुटत नाही. खांबाचेही तसेच आहे. त्या काळच्या कॅलिफोर्नियातील खांबांत अर्धा इंच जाडीच्या रिंगा फूट-फूट अंतरावर घालण्याचा प्रघात होता. खांब केवढाही जाड असो, रिंगांचे प्रमाण बहुधा तेच. हिसका बसताच काँक्रीट तडकले, रिंगा सुटल्या, उभ्या सळ्या बाहेर फुगल्या आणि खांब खचला. दुसरा दोष सांध्यांचा होता. पुलाच्या दोन भागांमध्ये उन्हाने होणाऱ्या प्रसरणासाठी जी फट ठेवतात, तेथे तुळईला टेकायला जेमतेम काही इंचांची बैठक होती. जमीन हलली, तुळई बैठकीवरून घसरली आणि खाली आली.

ह्या दोन्ही दोषांचे निदान १९७१ सालीच झाले होते, हे आपण ध्यानात ठेवावे. नव्या पुलांसाठी नियम बदलले, रिंगा दाट झाल्या. प्रश्न उरला तो आधी बांधून झालेल्या हजारो पुलांचा. त्यांच्यासाठी राज्याने स्वस्तातला उपाय निवडला. सांध्यांच्या दोन्ही बाजू पोलादी तारांच्या दोरांनी जखडण्यात आल्या. सुमारे साडेबाराशे पुलांवर हे काम झाले, त्यासाठी सुमारे साडेपाच कोटी डॉलर लागले आणि ते पुरे व्हायला १९८९ साल उजाडले. खांबांचे काम मात्र ‘पुढे पाहू’ म्हणून राहिले.

ओकलंडची शिकवण

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी सायंकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी लोमा प्रिएटा येथे ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्या केंद्रापासून शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या ओकलंड शहरात सायप्रस नावाचा दुमजली उन्नत मार्ग होता. त्याचा वरचा मजला खालच्या मजल्यावर कोसळला. ह्या भूकंपात एकूण ६३ माणसे मेली, त्यांतील ४२ ह्या एका मार्गावर मेली. त्या संध्याकाळी बेसबॉलचा मोठा सामना होता आणि तो पाहण्यासाठी पुष्कळ लोक लवकर घरी गेले होते, म्हणून रहदारी नेहमीपेक्षा कमी होती. एरवी हा आकडा कितीतरी मोठा झाला असता.

आता ह्या मार्गाचा इतिहास पाहा. तो १९५७ साली खुला झाला. पश्चिम ओकलंड ही काळ्या श्रमिकांची वस्ती. रेल्वेत आणि बंदरात राबणारी माणसे तेथे राहत होती. घरे पाडून, वस्तीचे दोन तुकडे करून हा मार्ग तिच्या छातीवरून नेण्यात आला. त्याचा काही भाग खाडीच्या मऊ गाळावर उभा होता. असा गाळ भूकंपाचा धक्का कितीतरी वाढवून वर पोचवतो. त्याच मार्गाचा घट्ट जमिनीवरचा भाग उभा राहिला आणि गाळावरचा भाग पडला. ह्या मार्गाच्या सांध्यांना १९७७ साली तारांचे दोर बसवले होते. म्हणजे कागदोपत्री तो ‘बळकट केलेला’ पूल होता! दोरांनी सांधे धरून ठेवले असतील; परंतु दोष खांबांत आणि मजल्यांच्या जोडांत होता, आणि त्याला कोणी हात लावला नव्हता.

साथींनो, अर्धे काम हे कधीकधी न केलेल्या कामापेक्षा घातक ठरते, कारण त्याने यादीत बरोबरची खूण होते आणि मनाला खोटा दिलासा मिळतो.

त्या सायंकाळी मदतीला सर्वांत आधी कोण धावले? आसपासचे रहिवासी आणि जवळच्या कारखान्यांतील कामगार. शिड्या, दोर आणि माल उचलण्याची यंत्रे घेऊन ते अधांतरी लोंबणाऱ्या काँक्रीटवर चढले. ज्यांच्या वस्तीचे ह्या मार्गाने तुकडे केले, त्यांनीच त्यावरून जाणाऱ्यांचे प्राण वाचवले. पुढे शासनाने मार्ग पुन्हा त्याच जागी बांधण्याचा विचार चालवला, तेव्हा हे रहिवासी संघटित झाले आणि त्यांनी त्याला विरोध केला. अखेर नवा मार्ग वस्तीला वळसा घालून रेल्वेच्या जमिनीकडून नेण्यात आला आणि १९९७ साली तो खुला झाला. जुन्या मार्गाच्या जागेवर आज झाडे लावलेला रस्ता आहे आणि त्याला नेल्सन मंडेला ह्यांचे नाव आहे. तंत्रज्ञांनी काढलेली रेघ जनतेच्या संघटित मागणीने बदलू शकते, ह्याचे हे उदाहरण आहे.

नवी साधने

ओकलंडनंतर मात्र खांबांकडे लक्ष गेले. कॅलिफोर्नियातील सार्वजनिक विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत पूर्ण आकाराच्या खांबांवर चाचण्या झाल्या आणि त्यांतून आलेल्या पद्धती सर्वत्र वापरात आल्या. त्या मी साध्या भाषेत सांगतो.

पहिली पद्धत पोलादी कवचाची. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव चढवतो, तेव्हा लाकडी तुकडे चारी बाजूंनी आवळले जातात आणि चाक फुटत नाही. तसेच पोलादाच्या पत्र्याचे दोन अर्धगोल खांबाभोवती बसवून त्यांचे वेल्डिंग करतात आणि मधल्या फटीत सिमेंटचा पातळ राप भरतात. आतले काँक्रीट तडकले तरी बाहेर निसटू शकत नाही. खांब वाकतो, पण मोडत नाही. भूकंपात वाकण्याची ही क्षमताच प्राण वाचवते.

दुसरी पद्धत तंतूंची. कार्बनच्या किंवा काचेच्या तंतूंचे कापड इपॉक्सी ह्या राळेत भिजवून, मोडलेल्या हाताला पट्टी गुंडाळावी तसे खांबाला गुंडाळतात. हे कापड हलके असते. मोठी क्रेन लागत नाही, अरुंद जागेत काम होते आणि पुलावरची वाहतूक बहुधा थांबवावी लागत नाही. कापड महाग असले, तरी मजुरी आणि वेळ वाचतो. मात्र ही जादूची पट्टी नव्हे. आतली सळई गंजली असेल, तर आधी तो गंज काढावा लागतो, नाहीतर आपण रोगावर पांघरूण घालतो. राळेला उन्हापासून आणि आगीपासून जपावे लागते. ती हाताळणाऱ्या मजुरांना हातमोजे आणि मुखपट्टी मिळाली पाहिजे. हा मजूर बहुतेक वेळा कंत्राटी असतो, हे आपण तरी विसरू नये.

तिसरी पद्धत वेगळ्या विचाराची आहे. खांब बळकट करण्याऐवजी धक्काच पुलापर्यंत कमी पोचू द्यावा. त्यासाठी खांब आणि तुळई ह्यांच्यामध्ये रबराचे आणि पोलादी पत्र्यांचे थर असलेले बेअरिंग बसवतात आणि त्याच्या मध्यभागी शिशाचा दांडा असतो. रबर आडवे सरकू देते, आणि शिसे दर हेलकाव्याला मळल्यासारखे होऊन धक्क्याची शक्ती जिरवते. हे शिसे-रबर बेअरिंग १९७०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये बिल रॉबिन्सन ह्या शास्त्रज्ञाने शोधले. तो कोणा कंपनीचा नोकर नव्हता, तर शासनाच्या वैज्ञानिक संशोधन खात्यात काम करीत होता. खाजगी उद्योगाशिवाय नवे काही निर्माण होत नाही, असे जे आपल्याला रोज ऐकवले जाते, त्यांना हे एक उदाहरण पुरेसे आहे.

संशोधन अजून चालू आहे. निकेल आणि टायटेनियम ह्यांच्या मिश्रधातूची सळई वाकल्यावर आपण होऊन पुन्हा सरळ होते. अशा सळया आणि तडे न पसरू देणारे लवचिक काँक्रीट वापरून अमेरिकेतील सिअॅटल शहरात महामार्गाच्या एका उतारावरचा पूल बांधला गेला. त्याआधी नेवाडाच्या विद्यापीठात ह्या रचनेच्या चाचण्या झाल्या होत्या. हेतू असा की भूकंपानंतर पूल नुसता उभा राहू नये, तर लगेच वापरताही यावा. हा धातू अद्याप फार महाग आहे, म्हणून आपल्या मागण्यांमध्ये तो आज बसत नाही. पोलादी कवच आणि तंतूंची पट्टी मात्र बसते.

पद्धत कोणतीही असो, पूल हा एकसंध आहे हे विसरून चालत नाही. खांब बळकट केला की धक्का पायावर जातो. पाया कच्चा असेल, तर तोही वाढवावा लागतो. ओकलंडला सांधे धरले आणि खांब सोडले. तीच चूक खांब धरून आणि पाया सोडून पुन्हा करता येते.

आधी पैसा नाही, नंतर उणीव नाही

कवचांचे काम सुरू झाले, परंतु संथ गतीने. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. सात पूल कोसळले. नव्या पद्धतीने खांबांना कवचे घातलेले पूल उभे राहिले. १९७१ साली जेथे पूल पडले होते, त्याच संगमावर पुन्हा पूल पडले. लॉस एंजेलिसमधील सांता मोनिका महामार्गावरचा एक पूल बळकटीकरणाच्या यादीत होता, पण त्याची पाळी यायची होती. भूकंपाने यादीची वाट पाहिली नाही.

ह्यानंतरची गोष्ट अधिक बोलकी आहे. तोच पूल पुन्हा बांधण्याच्या कंत्राटात, मुदतीआधी पुऱ्या होणाऱ्या प्रत्येक दिवसासाठी २ लाख डॉलरचे बक्षीस ठेवण्यात आले. सुमारे पाच महिन्यांच्या मुदतीचे काम ६६ दिवसांत झाले आणि कंत्राटदाराला १ कोटी ४० लाख डॉलरांहून अधिक बक्षीस मिळाले. कामगारांनी रात्रंदिवस राबून ते पूर्ण केले, ह्यात शंका नाही. प्रश्न असा की, पूल उभा असताना त्याच्या खांबांना कवच घालायला जो पैसा वर्षानुवर्षे सापडत नव्हता, तो पूल पडताच एकाएकी कोठून आला? त्यानंतर १९९६ साली तेथील मतदारांनी ह्याच कामासाठी २०० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली आणि दोन टप्प्यांत मिळून दोन हजारांहून अधिक पूल बळकट झाले. म्हणजे लोकांपुढे प्रश्न स्वच्छपणे मांडला, तर लोक ‘नाही’ म्हणत नाहीत.

नॉर्थरिजला बरोबर एक वर्ष झाले, त्या दिवशी, १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे, जपानमधील कोबे शहराला भूकंप झाला. हानशिन उन्नत महामार्गाचा ६३५ मीटरचा सलग भाग खांबांसह एका कुशीवर आडवा झाला. ६,४०० हून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्य घरांखाली सापडली, पण पडलेल्या आणि बंद झालेल्या रस्त्यांमुळे मदतीच्या गाड्या अडकल्या, हेही तितकेच खरे. पुलाची किंमत केवळ त्यावरून पडणाऱ्यांच्या संख्येत मोजायची नसते. तो पडला म्हणजे पलीकडच्या माणसाला डॉक्टर, पाणी आणि अन्न मिळत नाही.

महाग वस्तूही निष्काळजीपणातून सुटत नाही. १९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरील पुलाच्या वरच्या मजल्याचा तुकडा पडला होता. त्याचा पूर्वेकडील भाग नव्याने बांधून खुला व्हायला २०१३ साल लागले आणि खर्च सुमारे ६४० कोटी डॉलरवर गेला. त्या नव्या पुलातील पोलादाचे ९६ जाड दांडे ताणल्यावर त्यांपैकी ३२ दांडे खुला होण्याच्या काही महिने आधी तुटले. तेव्हा नवे साहित्य म्हटले की डोळे मिटून विश्वास ठेवावा, असे नाही. प्रत्येक मालाची तपासणी आणि त्या तपासणीचा अहवाल जनतेसमोर, ही अट हवी.

आपल्या दारातील प्रश्न

कोणी म्हणेल, कॅलिफोर्निया आणि जपान ही भूकंपाची माहेरघरे. आपले दख्खनचे पठार स्थिर आहे. साथींनो, हे वाक्य आपण दोनदा ऐकले आहे आणि दोनदा त्याची किंमत मोजली आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला, त्यापूर्वी हेच सांगितले जात होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला हजारो माणसे झोपेत गाडली गेली. तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. २००२ साली नकाशा सुधारण्यात आला, तो पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर वरच्या पट्ट्यात गेला. नकाशा माणसांनी काढलेला असतो आणि तो चुकू शकतो, हे आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छला सौराष्ट्राशी जोडणाऱ्या सुरजबारीच्या पुलाच्या तुळया आणि बेअरिंगे जागची हलली. मदतीच्या गाड्यांचा तोच मुख्य रस्ता होता. आपल्या कोकणात प्रत्येक खाडीवर असा एकेक पूल आहे आणि तो बंद झाला तर पुढचा रस्ता किती मैलांचा आहे, हे तेथील साथी मला सांगू शकतील. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. बसगाड्या गेल्या. तो भूकंप नव्हता, महापूर होता. परंतु क्रम तोच. पूल पडला आणि नवा पूल साडेपाच महिन्यांच्या आसपास उभा राहिला.

आपल्याला हे काम जमत नाही, असेही नाही. १९६७ च्या भूकंपाने कोयना धरणाच्या भिंतीला तडे गेले. ते तडे इपॉक्सीने भरून, पोलादी तारांनी भिंत ताणून आणि तिला मागून काँक्रीटचा आधार देऊन धरण बळकट करण्यात आले. हे सार्वजनिक क्षेत्रातील काम होते. ते अर्धशतकापूर्वी होऊ शकले, तर पुलांचे आज का होऊ नये?

अडचण येथे आहे. आज अनेक महामार्ग ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ ह्या तत्त्वावर दिलेले आहेत. कराराची मुदत पंधरा, वीस, तीस वर्षांची असते. मोठा भूकंप शंभर वर्षांतून एकदा येईल, किंवा उद्या येईल. ज्याला मुदतीत टोल वसूल करून निघून जायचे आहे, त्याने शंभर वर्षांतून येणाऱ्या संकटासाठी आज खर्च का करावा? तो वाईट माणूस आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या हिशेबाच्या वहीत ह्या खर्चाला रकानाच नाही म्हणून तो करणार नाही. असा रकाना फक्त समाजाच्या वहीत असतो. म्हणून ही जबाबदारी सार्वजनिकच राहिली पाहिजे, आणि करारातही ती स्पष्ट शब्दांत लिहिली गेली पाहिजे.

मागणी काय?

गरीब देशाने शाळा-दवाखान्यांचा पैसा पुलांकडे वळवावा काय, असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जाईल. त्याचे उत्तर असे की, सर्व पूल एकाच वेळी बळकट करा, अशी आपली मागणी नाही. आपली मागणी क्रमाची आहे. ज्या पुलाला पर्यायी रस्ता नाही, जो रुग्णालयाकडे जातो, ज्याचे खांब जुन्या पद्धतीचे आहेत आणि जो मऊ गाळावर उभा आहे, तो आधी. मंत्र्यांच्या मतदारसंघातला किंवा टोल अधिक मिळणारा आधी, हा क्रम आपल्याला मान्य नाही.

केंद्र शासनाने २०१६ साली देशातील पुलांची नोंद करणारी यंत्रणा सुरू केली. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१८ साली पुलांच्या भूकंपरोधक रचनेसाठी मार्गदर्शिका काढली. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु मार्गदर्शिका छापल्याने जुना पूल आपोआप बळकट होत नाही. म्हणून प्रत्येक जिल्ह्यातील साथींनी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे माहितीच्या अधिकाराखाली तीन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, जिल्ह्यातील मोठ्या पुलांची यादी आणि प्रत्येकाच्या बांधकामाचे साल. दुसरी, त्यांपैकी कोणत्या पुलांचे खांब, पाया आणि सांधे ह्या तिन्हींची भूकंपाच्या दृष्टीने तपासणी झाली आणि तिचा निष्कर्ष काय. तिसरी, बळकटीकरणाचा क्रम, त्याची तारीख आणि तरतूद. उत्तर आले तर ते गावसभेत वाचून दाखवावे. उत्तर आले नाही, तर ते आले नाही हेच वाचून दाखवावे.

ह्या मागणीला मोर्च्याचा आवेश नाही आणि तिच्या यशाचे छायाचित्र कोठे छापून येणार नाही, कारण न पडलेल्या पुलाची बातमी होत नसते. तरीही ओकलंडच्या ज्या ४२ माणसांचा मी उल्लेख केला, ती ज्ञानाच्या अभावी मेली नाहीत. निदान त्यांच्या मृत्यूच्या अठरा वर्षे आधी झाले होते. सावित्रीकाठी ज्यांनी आपली माणसे गमावली, त्यांच्या जिल्ह्यात उभे राहून ‘आम्ही आधीच विचारले होते’ असे म्हणता येण्यापेक्षा, ‘आम्ही विचारले म्हणून तो पूल उभा राहिला’ असे म्हणता यावे, ह्यासाठी आपण आजपासून कामाला लागू या.